नवी प्रोग्रॅमिंग भाषा पारखायची कशी

नवी भाषा हाताळून दोन-तीन आठवडे झाले की मत आपोआप तयार होते. “सुटसुटीत आहे”, “फार कटकट करते”, “पायथनची मजा नाही”. अशा मतांत निम्मा वाटा भाषेचा आणि निम्मा जुन्या सवयींचा असतो. भाषेची घडण खरोखर पारखायची असेल तर तिच्या सोयींची यादी वाचून काही हाती लागत नाही. यादी प्रत्येकच भाषेची घसघशीत असते. दोन सोयी एकमेकींना भेटतात तिथे काय होते आणि आपली चूक आपल्याला किती लवकर कळते, या दोन जागी टोचून पाहावे लागते.

खालची पद्धत कुठल्याही भाषेला लागू पडते. उदाहरणासाठी मुख्यतः गो (Go) ही भाषा घेतली आहे. राखीव शब्द (भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेले) अवघे २५, आठवड्याभरात सगळी वाचून होते, आणि तरीही तिच्यात खोदण्यासारखे पुष्कळ आहे. तुलनेला पायथन, रस्ट, जावास्क्रिप्ट आणि क्वचित जावा, स्विफ्ट, सी.

पहिल्या दिवसापासून अडखळवही

पारख करायची तिसऱ्या आठवड्यात, पण नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायच्या. पहिल्या दिवशी जे विचित्र वाटते ते पंधराव्या दिवशी दिसेनासे होते. हात सरावतो आणि डोळे मिटतात. साधी वही किंवा टेक्स्ट फाइल पुरे. प्रत्येक अडखळीला चार रकाने: काय लिहिले, काय होईल असे वाटले, काय झाले, आणि कधी कळले.

चौथा रकाना सर्वांत मोलाचा. त्यात पाचपैकी एकच उत्तर लिहायचे: टाइप करताना किंवा कंपाइल करताना; चालवताना, चूक होती त्याच ओळीवर; चालवताना, पण भलत्याच ओळीवर; निकाल डोळ्यांनी तपासल्यावर; योगायोगाने. पहिल्या गटातल्या चाळीस नोंदी परवडतात. शेवटच्या गटातल्या तीन परवडत नाहीत.

नोंद करताना दोष कोणाचा तेही लगेच ठरवा: भाषेचा, लायब्ररीचा, साधनांचा की सवयीचा. उदाहरणार्थ −७ % ३ (म्हणजे −७ ला ३ ने भागल्यावरची बाकी) चे उत्तर गो −१ देते, पायथन २ देते. दोन्ही नियम गणिताला धरून आहेत. गो भागाकार शून्याकडे छाटते, पायथन खालच्या पूर्णांकाकडे. पायथनकडून आलेल्या माणसाने “तीन दिवसांपूर्वी कोणता वार होता” हे काढायला वाराच्या क्रमांकातून ३ वजा करून % ७ केले, तर गोमध्ये क्रमांक ऋण येतो आणि वारांच्या यादीत हात घालताच प्रोग्रॅम कोसळतो. ही नोंद सवयीच्या खात्यात जाते. भाषेच्या खात्यात तेव्हाच टाका, जेव्हा त्याच भाषेतला दुसरा नियम या नियमाशी भांडत असेल.

एकच प्रोग्रॅम, पण नीट निवडलेला

“हॅलो वर्ल्ड” किंवा फिबोनाची लिहून काहीही कळत नाही, कारण त्यात काही बिघडूच शकत नाही. दीड-दोनशे ओळींचा असा प्रोग्रॅम हवा ज्यात मजकूर, आकडे, याद्या, चुकीचा डेटा आणि फाइल हे सगळे येते. दुकानाची उधारीची वही हा नमुना उत्तम: प्रत्येक ओळीत तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, प्रकार (उधार किंवा जमा) आणि रक्कम. प्रत्येकाची बाकी काढायची, नावांच्या क्रमाने छापायची, बिघडलेल्या ओळी वेगळ्या दाखवायच्या. नावे मराठीतच ठेवा आणि ५० ओळींच्या डेटात मुद्दाम सहा-सात ओळी बिघडवा: रक्कम कोरी, तारीख उलटी, एक रकाना जास्त, आणि एका ओळीत रक्कम देवनागरी आकड्यांत.

ही शेवटची युक्ती गंमतशीर निघते. “५०” हा मजकूर आकड्यात बदलायला सांगितला तर पायथनचे इंट आणि जावाचे पार्सइंट दोन्ही मुकाट ५० देतात. गो आणि रस्ट एरर देतात. जावास्क्रिप्टचे नंबर ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) देते, आणि तो नॅन बेरजेत मिसळला की अख्ख्या गिऱ्हाइकाची बाकी नॅन होते. चूक ११व्या ओळीत आणि लक्षण अहवालाच्या शेवटी. पहिली वागणूक उदार, दुसरी काटेकोर, दोन्ही समजण्यासारख्या. तिसरी मात्र चुकीचा माग पुसते.

रक्कम रुपयांत दशांशाने ठेवून एकदा पाहा. ०.१ + ०.२ चे ०.३०००००००००००००००४ होणे हा या भाषांचा दोष नव्हे, ते दुहेरी अचूकतेच्या द्विमान अपूर्णांकाचे गणित आहे. पैशांसाठी भाषा किंवा तिची मूळ लायब्ररी नेमका दशांश प्रकार देते का, एवढेच तपासा. पायथनबरोबर डेसिमल मिळतो. गोच्या मूळ लायब्ररीत नाही. तिथे पैसे पूर्णांकात ठेवावे लागतात.

मजकुराची कसोटी: क्षत्रिय

मराठी वापरणाऱ्याकडे एक आयती कसोटी आहे, जिच्यावर इंग्रजी ट्युटोरियल कधी बोट ठेवत नाहीत. “क्षत्रिय” या शब्दाची लांबी विचारा.

गो २४ सांगते आणि रस्टही २४, कारण दोघी यूटीएफ-८ (मजकूर साठवण्याची एक पद्धत) चे बाइट मोजतात आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेली प्रत्येक खूण, ३ बाइट घेतो. पायथन ८ सांगते: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, र्‍हस्व वेलांटी, य. जावा आणि जावास्क्रिप्टही ८ सांगतात, पण त्या यूटीएफ-१६ चे तुकडे मोजतात. एखादा इमोजी टाकला की पायथन १ म्हणते तिथे त्या २ म्हणतात. माणूस मोजेल तर तीन अक्षरे. अक्षरगट मोजणाऱ्या भाषा, जसे स्विफ्ट, युनिकोडच्या नियमावर चालतात आणि तो नियमच २०२३ मध्ये आवृत्ती १५.१ ला बदलला: आधी हलन्तापाशी तुकडा पडून ५ होत, आता जोडाक्षर अखंड धरून ३ होतात.

यातले कुठलेही उत्तर एकटे चूक नाही. पारखायचे ते हे, की भाषा आपण काय मोजले ते स्पष्ट सांगते का आणि स्वतःशी सुसंगत राहते का. गो इथे अडखळते. “मराठी” या शब्दावर क्रमांकाने हात घातला तर बाइट मिळतो, पण त्याच शब्दावर फॉर-रेंज लूप फिरवला तर संकेत मिळतात आणि क्रमांक येतात ०, ३, ६, ९, १२. एकच वस्तू, दोन दारे, दोन वेगळे घटक. उधारीच्या अहवालात नावाला दहाची जागा ठेवून पहिले दहा घटक कापले की चौथ्या संकेताचा एकच बाइट उरतो आणि छापताना तिथे तुटका चौकोन दिसतो. रस्ट असा मधूनच घाव घालू देत नाही, तिथे प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. पायथनमध्ये बाइट तुटत नाहीत, पण मात्रा अक्षरापासून तुटतेच: “मराठी” उलटा करून पाहा, “ीठारम” मिळेल.

जाता जाता क्रमवारीही लावून बघा. काल, कास, काळ. संकेतांकाच्या क्रमाने लावल्यास काल, काळ, कास असे येते, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसला आहे. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. हा लायब्ररीचा विषय, म्हणून भाषेचे गुण कापू नका. योग्य क्रम लावणारी सोय मूळ संचात आहे की बाहेरून आणावी लागते, एवढेच टिपून ठेवा.

सांध्यांत पाणी कुठे मुरते

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, निदान तीन संध्याकाळी. भाषेतल्या मुख्य आठ-दहा सोयींची यादी करा: यादी, मॅप (की दिली की तिचे मूल्य देणारा संग्रह), टाइप, एरर, निल (‘काहीच नाही’ हे मूल्य), लूप, क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल पकडून ठेवणारे फंक्शन), इंटरफेस (वस्तूला कोणत्या क्रिया जमायला हव्यात एवढेच सांगणारा टाइप), नावांची दृश्यता. मग त्यांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीवर पाच ओळींचा प्रयोग करा. दहा सोयींच्या ४५ जोड्या होतात. निम्म्या निरर्थक निघतात, उरलेल्यांत भाषेचा स्वभाव सापडतो. गोवर ही पद्धत चालवली तर असे खाचखळगे दिसतात:

अपेंड आणि वाटून घेतलेली जागा. लांबी ३ आणि क्षमता ४ असलेली स्लाइस (गोमधली वाढू शकणारी यादी) घ्या, तिला अ म्हणा. अ ला १० अपेंड करून (शेवटी जोडून) ब बनवा, मग पुन्हा अ लाच २० अपेंड करून क बनवा. आता ब चा शेवटचा घटक छापा. उत्तर २०. क्षमता ४ ऐवजी ३ ठेवून हाच प्रयोग करा, उत्तर १०. कारण स्लाइस म्हणजे पत्ता, लांबी आणि क्षमता यांचे त्रिकूट. जागा शिल्लक असेल तर अपेंड तिथेच लिहितो, नसेल तर नवी जागा घेतो. लिहिलेल्या ओळी तशाच राहतात आणि अर्थ मात्र ओळीत न दिसणाऱ्या आकड्यावर ठरतो. कुठल्याही भाषेत असे सापडले की लाल शाईने लिहा.

निल आणि इंटरफेस. स्वतःच्या एरर प्रकाराचा निल पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) फंक्शनमधून ‘एरर’ या इंटरफेसच्या रूपात परत करा आणि बाहेर तो निल आहे का विचारा. उत्तर: नाही. इंटरफेसच्या पोटात टाइप आणि मूल्य अशी जोडी असते; मूल्य निल असले तरी टाइप भरलेला आहे, म्हणून जोडी निल नाही. स्पष्टीकरण निर्दोष आहे, आणि तरीही काहीही चुकलेले नसताना प्रोग्रॅम एररच्या वाटेला जातो.

निल आणि संग्रह. निल स्लाइसला अपेंड चालते. निल मॅपमधून वाचता येते, लिहायला गेले की पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम कोसळतो. दोन भावंडांना दोन नियम.

मोठी लिपी आणि आपली लिपी. गोमध्ये नावाचे पहिले अक्षर मोठे असेल तरच ते पॅकेजबाहेर दिसते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणजे देवनागरी नाव थेट बाहेर नेताच येत नाही. त्याहून पुढची गोष्ट: नावात फक्त ‘अक्षर’ वर्गातले संकेत, अंडरस्कोर आणि अंक चालतात, मात्रा चालत नाहीत. ‘नग’ हे व्हेरिएबल कंपाइल होते, ‘नाव’ होत नाही. पायथन ३ मध्ये दोन्ही चालतात. कामाच्या कोडमध्ये कोणी मराठी व्हेरिएबल लिहीत नाही हे खरे. पण दृश्यतेसारखी गोष्ट लिपीच्या गुणधर्माला बांधली की काय होते, याचा इतका स्वच्छ नमुना सहसा मिळत नाही.

दहा चुका पेरा

चालणारा उधारीचा प्रोग्रॅम घ्या, त्याच्या दहा प्रती करा, प्रत्येकीत एकच चूक पेरा: व्हेरिएबलच्या नावात टायपो, कंसाची विसर, चुकीचा टाइप, मॅपमध्ये नसलेली की, यादीबाहेरचा क्रमांक, न तपासलेली एरर, पूर्णांकाचा ओव्हरफ्लो, अटीत तुलनेऐवजी नेमणूक, आतल्या ब्लॉकमध्ये तेच नाव पुन्हा घोषित करणे, आणि आकड्याचे मजकुरात चुकीचे रूपांतर. निकाल चौथ्या रकान्याच्याच मापाने लिहा. कंपायलरचा संदेश वाचून, कोड न बघता, चूक किती सेकंदांत सापडते तेही टिपा. रस्टचे संदेश या कसोटीत उजवे ठरतात: जागा, कारण आणि बहुतेक वेळा उपायही दाखवतात.

गोचा निकाल संमिश्र येतो. टायपो, टाइप, अटीतली नेमणूक कंपाइल करतानाच पकडली जाते. यादीबाहेरचा क्रमांक त्याच ओळीवर पॅनिक देतो. मॅपमध्ये नसलेली की मागितली तर मात्र शून्य मिळते, निमूटपणे. गिऱ्हाइकाचे नाव चुकीचे लिहिले तर बाकी ० दिसते आणि सगळे आनंदी. ३२ बिटी पूर्णांकात २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवा, −२१४७४८३६४८ होते, कोणी हूं की चूं करत नाही. रस्ट हेच डिबग बिल्डमध्ये (चाचणीची प्रत) पॅनिक करते आणि रिलीज बिल्डमध्ये (वापराची प्रत) मूळ सेटिंगप्रमाणे गोसारखेच गुंडाळते, म्हणून ही चाचणी दोन्ही बिल्डवर घ्या. आकडा ६५ स्ट्रिंगमध्ये थेट रूपांतरित केला की गो “65” देत नाही, लॅटिन लिपीतले पहिले मोठे अक्षर देते. ‘गो व्हेट’ हे गोबरोबर येणारे तपासणी साधन चालवले तर इशारा मिळतो.

आता एक विसंगती बघा. वापरात नसलेले स्थानिक व्हेरिएबल किंवा इंपोर्ट असेल तर गो कंपाइल करायलाच नकार देते. पण एरर परत करणारे फंक्शन नुसते बोलावले आणि परत आलेली एरर कुठेच घेतली नाही, तर चालते. दाराशी चप्पल वाकडी ठेवली म्हणून ओरडायचे आणि गॅस चालू राहिला त्यावर गप्प बसायचे, असा हा प्रकार. गो वापरणारे संघ यासाठी वेगळे तपासणी साधन जोडतात. जिथे सगळेच बाहेरून साधन जोडतात, तिथे भाषेत भोक आहे असे समजा.

तीन बदल करा, ओळी मोजा

लिहिताना भाषा गोड वाटते. बदल करताना खरी कळते. एका जागी बदल केल्यावर किती ठिकाणी हात लावावा लागतो, या गुणाला संशोधक थॉमस ग्रीन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या चौकटीत चिकटपणा म्हटले आहे. तो मोजायला तीन बदल पुरतात आणि प्रत्येकाला दोन आकडे लिहायचे: किती ओळी बदलल्या, आणि त्यांपैकी किती ओळी भाषेने आपणहून दाखवल्या.

पहिला बदल: उधार आणि जमा यांच्या जोडीला ‘माल परत’ हा तिसरा प्रकार घाला. रस्टमध्ये इनम (ठरावीक प्रकारांची बंद यादी) आणि मॅच (प्रत्येक प्रकाराला वेगळी शाखा) वापरले असेल, आणि मॅचमध्ये सर्वांना सामावणारी शाखा लिहिली नसेल, तर कंपायलर प्रत्येक अपुरी जागा दाखवून थांबतो. गोमध्ये असा इनम नाही. स्थिरांक आणि स्विच वापरावे लागतात, आणि नवा प्रकार कुठल्याच शाखेत न शिरता निसटतो. बाकी चुकते, संदेश येत नाही.

दुसरा: साध्या पूर्णांकाऐवजी पैशांसाठी वेगळा टाइप करा. इथे गो चांगली वागते. नवा टाइप जुन्या पूर्णांकात मिसळू देत नाही, एकेक जागा कंपायलर दाखवतो. पायथनमध्ये वेगळा टाइप-तपासनीस चालवल्याशिवाय हे कळत नाही.

तिसरा: सर्वांत आतल्या फंक्शनला अपयशी होण्याची मुभा द्या. पायथनमध्ये मधल्या फंक्शनांत शून्य ओळी बदलतात, पण कोणते फंक्शन फसू शकते हे वाचून कळत नाही. रस्टमध्ये परतीचा टाइप आणि एरर वर पाठवणारे एक प्रश्नचिन्ह. गोमध्ये प्रत्येक पायरीला तीन-तीन ओळी, ज्यावर सगळे हसतात. ओळी वाढणे मला फारसे खटकत नाही, कारण त्या दिसतात तरी. खटकते ते हे: फंक्शन आधी काहीच परत करत नव्हते आणि आता एरर परत करू लागले, तर जुनी बोलावणी जशीच्या तशी कंपाइल होतात. आधी एक मूल्य होते आणि आता दोन झाली, तर मात्र तक्रार येते.

दोष लिहिण्याआधी कारण शोधा

विचित्र वाटलेल्या प्रत्येक गोष्टीमागे मूर्खपणा नसतो. गोमध्ये मॅपवर लूप फिरवला की गिऱ्हाइकांचा क्रम दर वेळी बदलतो. तो मुद्दाम विस्कटलेला आहे, कोणी त्या क्रमावर विसंबून राहू नये म्हणून. पायथनने उलटी वाट धरली आणि ३.७ पासून भरल्याच्या क्रमाची हमी दिली. दोन्ही निर्णय आहेत, किंमत वेगळी आहे.

काही दोष निव्वळ इतिहासाचे असतात. सीमध्ये क्ष & १ == ० लिहिले तर आधी == (तुलना) सोडवले जाते. सुरुवातीला एकेरी & (बिटांवरचा ‘आणि’) दुहेरी && (अटी जोडणारा ‘आणि’) चे कामही करत असे; && नंतर आला, पण तोवर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून प्राधान्यक्रम तसाच ठेवला गेला, हे सीचे जनक डेनिस रिची यांनी स्वतः मान्य केले आहे. जावा आणि जावास्क्रिप्टने तो वारसा तसाच उचलला. गो, रस्ट आणि पायथनने दुरुस्त केला. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी नल संदर्भ (निलसारखाच ‘काहीच नाही’ दाखवणारा) आणला आणि २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. नवी भाषा अशा जुन्या, जाहीर झालेल्या चुका पुन्हा करते का, हे पाहणे अगदी रास्त. १९६५ ला माफी आहे, २००९ मध्ये जाहीर झालेल्या गोला तेवढी नाही.

मग पाहा की भाषा स्वतःची चूक कशी सुधारते. जावास्क्रिप्टमध्ये नलचा टाइप विचारला की ‘ऑब्जेक्ट’ येते. वेब मोडेल म्हणून ते कधी बदलले नाही. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आले आणि पायथन २ चा आधार संपायला १ जानेवारी २०२० उजाडावा लागला. रस्ट २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा ‘एडिशन’ काढते, आणि वेगवेगळ्या एडिशनचा कोड एकत्र बांधता येतो. गोमध्ये लूपचे व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत एकच असे, त्यामुळे क्लोजरमध्ये पकडले की शेवटचेच मूल्य हाती येई. फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीने दर फेरीला नवे व्हेरिएबल दिले, तेही मॉड्यूल फाइलमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिली असेल तरच.

काही गोष्टी मोजूच नका. राखीव शब्दांची संख्या, एखाद्या बेंचमार्कचा वेग, “तेच काम किती कमी ओळींत”. गोचे २५ आणि पायथनचे ३५ शब्द यांवरून वरचा एकही खड्डा दिसला नसता.

निकाल लिहिताना

दहापैकी गुण देऊ नका. अडखळवहीतल्या शेवटच्या दोन गटांतल्या नोंदी वर घ्या, सवयीच्या खात्यातल्या खोडा, आणि उरलेल्यांवर कामाला धरून वाक्ये लिहा. उदाहरणार्थ: “नेटवर्कवर चालणाऱ्या सेवेसाठी, चार-पाच जणांच्या संघात, एरर तपासणारे साधन सक्तीचे करून गो चालेल. ज्या हिशेबात प्रकार वारंवार वाढतात आणि एकही शाखा सुटणे परवडत नाही, तिथे रस्ट बरी.” प्रत्येक वाक्याखाली त्याला आधार देणारा पाच ओळींचा प्रयोग जोडा, म्हणजे वाद घालणाऱ्याला तो चालवून पाहता येईल.

प्रत्येक प्रयोगासोबत भाषेची आवृत्ती आणि तारीख लिहा. १.२१ वर टिपलेली लूपची तक्रार १.२२ वर खोटी ठरते, आणि मॉड्यूल फाइलमधली जुनी ओळ तशीच राहिली असेल तर पुन्हा खरी.